उशाशी बसलेल्यांचा इतिहास

प्रत्येक महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन घेऊन जाण्याची प्रथा आपल्या बहुतेक धर्मग्रामांत आहे. मालवण किनाऱ्यावर सेवेस असताना आम्ही ज्या घरांतून जात असू, त्यांपैकी एका घराची आठवण सांगून या लेखास आरंभ करतो. माडांच्या बनात जांभ्या चिऱ्यांचे, कौलारू, लहानसे घर होते. पडवीला लागून असलेल्या खोलीत अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली वृद्ध माता आणि तिच्या उशाशी तिची अविवाहित कन्या. मुंबईतील शिवणकामाची नोकरी सोडून ही भगिनी २००५ साली आईसाठी गावी परतली होती. भावांचे संसार मुंबईतच होते. मातेच्या नावाने शासनाचे दरमहा काही रुपये येत असत. एकदा आम्ही सहज त्या पैशांची चौकशी केली, तेव्हा ती वृद्धा म्हणाली, "फादर, पैशे माझ्या नावार येतत, पन माका उठयता-बसयता ता ह्या चेडू. तेका कोन इचारता?"

त्या प्रश्नाला त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. देव पाहतो आहे, असे काहीसे बोलून आम्ही पुढच्या घरी गेलो. परंतु प्रश्न मनात राहिला. आजारी, अपंग व वृद्ध माणसांना राज्यसंस्थेने साहाय्य करावे, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. मग त्यांची घरी राहून सेवा करणाऱ्यांना कोणी कधी विचारले आहे काय? विचारले असेल तर केव्हा, कोठे आणि किती? जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरंभ आपल्याच घरापासून करू. आद्य ख्रिस्तसभेत निराधार विधवांची यादी ठेवली जात असे. तिमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात या यादीचे नियम आले आहेत. विधवेचे वय साठ वर्षांहून कमी नसावे, तिचे वर्तन चांगले असावे, आणि ज्यांना मुले-नातवंडे आहेत त्यांचा भार त्यांच्या घरच्यांनीच उचलावा, म्हणजे मंडळीवरील बोजा कमी होऊन खऱ्या निराधारांना मदत करता येईल. वयाची अट, चारित्र्याची अट आणि नातलग नसल्याची अट! तहसील कार्यालयातील अर्जाचा नमुना ज्यांनी भरला आहे, त्यांना हे वाचताना काही ओळखीचे वाटेल. ज्याला घरचे कोणी नाही त्याला मदत आणि ज्याला घरचे कोणी आहे त्याची जबाबदारी त्या घरच्यांवर, ही मदतीची पहिली विभागणी फार जुनी आहे. तिच्यात अन्याय आहे, असे आम्ही म्हणत नाही. मात्र जबाबदारी उचलणाऱ्या त्या 'घरच्यां'चे पुढे काय झाले, हे कोणत्याही यादीत लिहिलेले नसते.

आपल्या देशात ब्रिटिश राजवटीने इंग्लंडसारखा गरिबांच्या पोषणाचा कायदा कधी केला नाही. येथे एकत्र कुटुंब आहे, जात आहे, धर्मादाय आहे, तेव्हा सरकारने त्यात पडण्याचे कारण नाही, असा तो विचार होता. अपवाद होता तो दुष्काळाचा. १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळानंतर सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १८८० साली अहवाल दिला आणि त्यातून दुष्काळ-संहिता तयार झाल्या. या संहितांचे मुख्य सूत्र असे की, ज्याच्या अंगात बळ आहे त्याने खडी फोडावी, माती उपसावी आणि मजुरी घ्यावी. ज्यांना काम करणे शक्यच नाही, त्यांना मात्र घरी फुकट मदत मिळावी. या दुसऱ्या वर्गात आंधळे, पांगळे, वृद्ध असे लोक येत. पण त्यांच्याबरोबर आणखी एक ओळ होती. घरातील आजाऱ्यापाशी किंवा तान्ह्या मुलापाशी ज्यांनी असणे अत्यावश्यक आहे, अशा धडधाकट माणसांनाही या फुकट मदतीस पात्र धरले होते.

ही ओळ आम्हांला फार मोलाची वाटते. परक्या सरकारच्या, काटकसरीसाठी प्रसिद्ध असलेल्या कारभारात कोणा अधिकाऱ्याने एवढे ओळखले होते की, आजाऱ्याच्या उशाशी बसणारी बाई रिकामी बसलेली नसते. तिला खडी फोडायला बोलावले तर घरातला जीव जाईल. मात्र ही ओळख दुष्काळापुरती होती. पाऊस पडला, मदतकेंद्रे उठली की ती बाईही सरकारी कागदांतून उठून जाई.

आमच्या कोकणात दुष्काळाची झळ देशावरच्या मानाने कमी होती. येथे संकट होते ते वेगळे. जमीन थोडी, तीही खडकाळ, आणि खाणारी तोंडे पुष्कळ. त्यामुळे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील पुरुष मुंबईस गेले. गिरण्या, गोदी, जहाजे, हॉटेले, बंगल्यांतील स्वयंपाकघरे, जेथे काम मिळेल तेथे ते लागले. पुढच्या पिढीतील काही आखाती देशांत गेले. घरी राहिले वृद्ध, मुले आणि सुना. आपल्या पोस्टखात्याने १८८० साली सुरू केलेली मनीऑर्डर हाच कित्येक दशके या घरांचा खरा आधार होता. मनीऑर्डरीवर जगणारा प्रदेश, ही कोकणाची ओळखच होऊन गेली.

आमच्या बालपणी आमच्या घरीही मनीऑर्डर येत असे, आणि ती येई आमच्या आजीच्या नावाने. पोस्टमन पडवीत बसे, आजी अंगठा उठवी, आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर लिहिलेला दोन ओळींचा मजकूर आम्ही मुले मोठ्याने वाचून दाखवू. त्या मजकुरात आजीच्या प्रकृतीची चौकशी असे, शेतीची असे, म्हशीचीही असे. आजीला संधिवाताने जखडले होते. तिला पहाटे शेकण्यापासून रात्री पेज भरविण्यापर्यंत सारे करणारी आमची आई त्या वेळी चुलीपुढे असे. तिचे नाव त्या तुकड्यावर क्वचितच आले असेल. वडिलांच्या मनात तिच्याविषयी अनादर होता असे नव्हे. ती तेथे आहे, हे त्यांनी गृहीत धरले होते. मुंबईतला कामगार स्वतःच्या मजुरीवर एकटा जगू शके, त्याला वृद्ध आईबापांसाठी मुंबईत खोली घ्यावी लागत नसे, नोकरी सोडून गावी धावावे लागत नसे, याचे कारण गावात बिनपगारी सेवा चालू होती. गिरणीतून निवृत्त होताना त्याला भविष्यनिर्वाह निधी मिळाला, ग्रॅच्युइटी मिळाली. गावी सासू-सासऱ्यांची अखेरपर्यंत सेवा करून जी 'निवृत्त' झाली, तिच्या नावावर कोठेही दमडी जमा नव्हती.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि त्यांतील फार मोठा वर्ग कोकणातला होता. मनीऑर्डरी आटल्या. योगायोग असा की, याच सुमारास शासनाचे पैसे गावात येऊ लागले होते. १९८० साली बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. त्यांच्याच कारकिर्दीत, १ मे १९८१ रोजी, रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारची वृद्धांसाठीची योजना आली, तेव्हा केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये होता. राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ६५ वर्षांवरील गरीब वृद्धांसाठी आहे. निराधार योजनेची सहाशे रुपयांची रक्कम २०१९ साली एक हजार आणि २०२३ साली दीड हजार झाली. २०२५ साली दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती अडीच हजार करण्याचा निर्णय झाला. उत्पन्नाची अट कुटुंबासाठी वर्षाला २१,००० रुपयांची, म्हणजे महिन्याला १,७५० रुपयांची. दिव्यांगांसाठी ती ५०,००० रुपये ठेवली आहे.

या योजनांनी कित्येक वृद्धांच्या हातात आयुष्यात प्रथमच स्वतःचा पैसा आला. सुनेकडे औषधासाठी हात पसरावा लागत नाही, नातवाला जत्रेत दहा रुपये देता येतात, हे सुख लहान नाही. ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु 'श्रावणबाळ' या नावापाशी आम्ही थोडे थांबतो. श्रावण हा कथेत कोण? अंध मातापित्यांना कावडीत बसवून खांद्यावर वाहणारा तो पुत्र. योजनेला नाव दिले ते वाहणाऱ्याचे आणि पैसा दिला तो कावडीत बसलेल्यांना! नाव ठेवणाऱ्यांच्या मनात कदाचित असे असेल की, श्रावण ज्यांना राहिला नाही त्यांच्यासाठी शासनच श्रावण होईल. कथेतही दशरथाच्या बाणाने श्रावण गेल्यावरच आईबाप निराधार झाले. हा अर्थ सुंदर आहे. पण ज्या घरी श्रावण जिवंत आहे, आणि बहुधा तो मुलगा नसून सून किंवा मुलगी आहे, त्या घरी खांद्याला पडलेल्या घट्ट्यांची नोंद ही योजना घेत नाही.

कायद्याचा इतिहासही याच वाटेने गेलेला दिसतो. आपल्या संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व यांत राज्याने साहाय्य करावे असे सांगितले आहे, मात्र राज्याची आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. जी मुले आईबापांना विचारीत नाहीत, त्यांच्याकडून दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता वसूल करण्याचा आदेश प्रांताधिकाऱ्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरण देऊ शकते. हा कायदा आवश्यकच होता. पण तो टाकून जाणाऱ्यांविषयी बोलतो, जवळ राहणाऱ्यांविषयी त्यात काही नाही.

एक जुना अपवाद आपल्या जिल्ह्यातील सैनिकांच्या घरांना ठाऊक असेल. शंभर टक्के अपंगत्व आलेल्या व सतत सोबतीची गरज असलेल्या निवृत्त सैनिकास पेन्शनशिवाय परिचर भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर, १ जुलै २०१७ पासून, तो ४,५०० रुपयांवरून ६,७५० रुपये झाला. म्हणजे अशा माणसाजवळ कोणीतरी चोवीस तास लागते आणि त्याला किंमत असते, हे शासनाला पूर्वीपासून मान्य आहे. तेच सत्य मच्छीमाराच्या घरी लागू होऊ नये, यास तत्त्वतः काही कारण दिसत नाही.

परदेशात ही गोष्ट कशी पुढे गेली, तेही पाहू. इंग्लंडमध्ये मेरी वेब्स्टर नावाच्या एक प्रॉटेस्टंट धर्मसेविका होत्या. वृद्ध आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी त्यांनी तरुण वयातच आपले सेवाकार्य सोडले. १९६३ साली त्यांनी वृत्तपत्रांना पत्र लिहून आपल्यासारख्या अविवाहित स्त्रियांची स्थिती मांडली, तेव्हा देशभरातून अशाच स्त्रियांची पत्रे आली. प्रत्येकीला वाटत होते की आपण एकट्याच आहोत. १९६५ साली त्यांची संघटना उभी राहिली आणि १९७६ साली, म्हणजे मेरी वेब्स्टर यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, आठवड्याला किमान ३५ तास शुश्रूषा करणाऱ्यांसाठी सरकारी भत्ता सुरू झाला. हा भत्ता आजाऱ्याला नव्हे, सेवा करणाऱ्याला मिळतो. पण त्यातून विवाहित स्त्रियांना वगळले होते. त्या तशाही घरीच असतात, असे कारण दिले गेले! जॅकलीन ड्रेक या विवाहित स्त्रीने अपंग आईसाठी नोकरी सोडली होती. तिने दाद मागितली आणि २४ जून १९८६ रोजी युरोपीय न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा आहे. त्यातून घरच्या माणसाकडून सेवा घेणाऱ्यालाही रोख रक्कम मिळते.

'त्या तशाही घरीच असतात', हे वाक्य इंग्लंडमधले असले तरी आम्हांला ते आमच्या पडवीत बोलल्यासारखे वाटते.

आपल्या देशात या विषयाला कायद्याची भाषा मिळाली ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने. १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आहे. आईवडील व कुटुंबीय मोबदला घेऊन वा न घेता सेवा करीत असतील तर त्यांनाही या कायद्याने 'काळजीवाहक' म्हटले. त्याच्या २४ व्या कलमात, ज्या दिव्यांगांना मोठ्या आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. मात्र आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेची संविधानातील अट याही कलमात पुन्हा आली, आणि भत्ता द्यायचा तोही दिव्यांग व्यक्तीला. केरळ राज्य याआधीच पुढे गेले होते. तेथे 'आश्वासकिरणम्' योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला दरमहा सहाशे रुपये ठरविले आहेत. रक्कम थोडी आहे आणि ती महिनोन्महिने थकल्याच्या तक्रारीही झाल्या आहेत. तरी तेथील सरकारी कागदावर त्या माणसाचे नाव आहे.

आरोंद्याच्या खाडीपलीकडे, गोव्यात, आपल्या अनेकांचे सोयरे आहेत. तेथे दयानंद सामाजिक सुरक्षा योजना वृद्धांना व दिव्यांगांना साहाय्य देते आणि २०१२ साली गृहिणींसाठी गृह आधार योजना सुरू झाली. आपल्या राज्यात २०२४ साली लाडकी बहीण योजनेने २१ ते ६५ वर्षे वयाच्या पात्र स्त्रियांना दीड हजार रुपये देण्यास आरंभ केला. या दोन्ही योजनांनी शुश्रूषा करणाऱ्या पुष्कळ स्त्रियांच्या हाती काही पैसे येतात, पण ते त्यांच्या शुश्रूषेबद्दल नसतात. उलट बालसंगोपन योजनेत, आईवडील नसलेल्या किंवा असून सांभाळू न शकणाऱ्या मुलांच्या पालनासाठी महिना २,२५० रुपये देण्याचे राज्याने २०२३ साली ठरविले. काकू किंवा आजी मूल वाढवीत असेल तर ते काम आहे, हे येथे मान्य झाले. तीच काकू आजीला सांभाळीत असेल तर ते काम नाही!

सिंधुदुर्गास हा प्रश्न अधिक लागू आहे. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, ती २०११ साली ८,४९,६५१ झाली. जेथे माणसे वाढण्याऐवजी घटतात, तेथे जातात ती तरुण आणि राहतात ती वृद्ध. दर हजार पुरुषांमागे जिल्ह्यात १,०३६ स्त्रिया होत्या. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाप्रमाणे देशातील १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांच्या देखभालीत वेळ देतात, पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आहे. देणाऱ्यांपैकी स्त्रियांचा वेळ दिवसाला सरासरी १४० मिनिटे, तर पुरुषांचा ७४ मिनिटे. यांत मुलांचे संगोपनही आले. अर्धांगाच्या रुग्णापाशी बसणाऱ्या बाईला मिनिटांचा हिशेब विचारला तर ती हसेल.

आता त्या माडांच्या बनातील घराकडे परत जाऊ. २०१६ साली ती माता देवाघरी गेली. महिन्याने तिची कन्या पासबुक घेऊन आमच्याकडे आली. मृत्यूनंतर जमा झालेला एक हप्ता परत करावा लागणार होता आणि त्यासाठीचा अर्ज तिला लिहून हवा होता. अर्जात अर्जदाराचा व्यवसाय विचारला होता. आम्ही विचारले, "काय लिहू?" ती म्हणाली, "काय नाय, फादर." अकरा वर्षे तिने आईला कूस बदलून दिली होती, एकही जखम होऊ दिली नव्हती, आणि बावन्नाव्या वर्षी तिचा व्यवसाय 'काही नाही' असा होता. शिवणयंत्रावरचा हात गेला होता, मुंबईत जागा नव्हती. आईचे सहाशे रुपये आईबरोबर गेले होते.

याहून आम्हांला बोचणारी गोष्ट पुढे कळली. निराधार योजनेच्या नियमांत ३५ वर्षांवरील अविवाहित स्त्रीचाही समावेश आहे. उत्पन्नाची अट त्या घराला सहज लागू पडत होती. म्हणजे इतकी वर्षे तिला स्वतःच्या नावाने अर्ज करता आला असता. ते तिला कोणी सांगितले नाही. आम्ही दर महिन्याला त्या घरी जात होतो, आम्हीही सांगितले नाही, कारण आम्ही कधी शोधलेच नव्हते. आमच्या वहीत आजाऱ्यांची यादी होती, तिच्यात आईचे नाव होते. मुलीचे नाव त्या वहीतही नव्हते. सरकारला दोष देण्यास बसलेल्या आमच्या लेखणीला ही वही आठवावी लागते. पुढे तिचा अर्ज आम्ही स्वतः तहसील कार्यालयात नेला व तो मंजूर झाला. तिला पैसे मिळाले ते अविवाहित म्हणून. सेवेचा रकाना त्या अर्जातही नव्हता.

तेव्हापासून आम्ही यादीत दुसरा रकाना आखला आहे. आजाऱ्याचे नाव डावीकडे, त्याची सेवा करणाऱ्याचे नाव उजवीकडे. त्याचे वय, पूर्वीचे काम आणि त्याला स्वतःला कोणत्या योजनेचा लाभ मिळू शकतो, तेही खाली लिहितो. प्रत्येक धर्मग्रामाने असे केले तर पुष्कळ कळेल. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ग्रामसभेत उभे राहून, ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे अशांच्या घरच्या सेवेकऱ्यांचा त्यात विचार व्हावा, असे मागता येईल. २४ व्या कलमातील भत्ता आपल्या राज्यात सेवा करणाऱ्याच्याच नावाने मिळावा, आणि आजाऱ्याच्या मृत्यूनंतर निदान काही महिने तो चालू राहावा, ही मागणी लेखी करता येईल. मेरी वेब्स्टर यांनीही आरंभ एका पत्रानेच केला होता.

आणि मुंबईत, पुण्यात, आखातात असलेल्या आमच्या बंधूंना एक विनंती. आता मनीऑर्डरीचा तुकडा राहिला नाही, पैसे बोटाच्या टोकाने जातात. पुढच्या वेळी ते पाठविताना आईच्या खात्याबरोबर, आईला आंघोळ घालणाऱ्या बहिणीच्या किंवा वहिनीच्या खात्यातही काही वेगळे पाठवावे. शासन जागे होईल तेव्हा होईल. तोवर त्या वृद्धेच्या प्रश्नाला निदान घरातून तरी उत्तर मिळावे.